दादासोचं ‘बरं’

दादासो चौगले कसा माणूस होता, असं कुणी विचारलं तर इंगवले आण्णा थोडा वेळ चष्मा पुसत बसतात आणि मग म्हणतात, "एका बाजूनं बघितलेला आहे."

ही चेष्टा नव्हे. ज्या नाटकाची ही गोष्ट आहे त्याच्या आधी अकरा वर्षं दोघं एकाच हौशी नाट्यमंडळात होते. पण आण्णा प्रॉम्प्टर, म्हणजे उजव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता आणि हातात बॅटरी. दादासो समोरच्या विंगेत पडद्याच्या दोरीपाशी. मधल्या जागेत दुसरीच माणसं रडत, भांडत, प्रेमात पडत आणि कधी कधी मरत. दादासो अंगठा वर करायचा, म्हणजे ‘पडदा घेऊ का?’ आण्णा मान हलवायचे, म्हणजे ‘घ्या.’ प्रयोग संपला की बाकीचे रंग पुसत फोटोला उभे राहत, दादासो सेटचे खिळे उपटायला लागे, आणि आण्णा कुणाच्या नजरेस न पडता शहर बस गाठत. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी जे बोलले ते सगळं लिहून काढलं तरी शाळेच्या वहीची दोन पानं भरली नसती. तो उचगावात कुठंतरी राहतो, एवढं आण्णांना माहीत होतं. त्याला मुलगी आहे, हे तिचं लग्न होऊन गेल्यावर कळलं.

तेव्हा त्याच्याविषयी पुढं जे आहे ते एका नाटकापुरतं आहे. जास्त माहिती असणारी माणसं उचगावात नक्की असतील.

दादासो शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा रस ओतायच्या आधी जी वस्तू हवी तिचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. केसभराचा फरक चालत नाही असं काम. त्या हातांनी तो मंडळाचे सेट करायचा, आणि त्यामुळं मंडळाच्या नाटकांत दारं खरोखर लागायची, खिडक्या उघडायच्या. एका नाटकात नायकानं लाथ मारून दार तोडायचं होतं. नायकानं लाथ मारली, दुसरी मारली, पळत येऊन तिसरी मारली. दार जागचं हललं नाही. शेवटी खलनायकानंच आतून कडी काढून त्याला घरात घेतलं. नायक महिनाभर लंगडत होता. दादासोचं म्हणणं एवढंच, "तोडायचं हाय म्हणून सांगाय पायजे हुतं की. मला दार म्हणाला, मी दार केलं."

दरवर्षी स्पर्धेच्या प्रयोगाला दादासोची आई, बयाबाई, उचगावहून यायची. नऊवारी इरकल, कपाळभर कुंकू, हातात पिशवी. पुढच्या रांगांत बसून तीन अंक डोळ्यांत तेल घालून बघायची आणि बाहेर आल्यावर दरवर्षी तेच विचारायची.

"दादू, तू कवा आलास रं?"

"आई, मी येत नसतोय. ती भिंत माझी हुती बग. निळी."

"भित कोण बघतंय व्हय? मी सगळ्यांची तोंडं बघितली. तुजं कुठं दिसंना."

अकरा वर्षं दादासोनं आईला भिंती दाखवल्या. जिना दाखवला, देव्हारा दाखवला, एकदा अख्खी विहीर दाखवली. म्हातारीचं समाधान होईना. आणि तिची नजर आता अधू व्हायला लागली होती.

शहाण्णव साली मंडळाचे दिग्दर्शक देशिंगकर सर यांनी एक विलायती नाटक आणलं. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. नाटक त्यांनीच मराठीत आणलं होतं. स्वच्छ प्रत आण्णांनी ऑफिसातल्या वळणदार अक्षरात करून दिली होती, म्हणून आण्णांना ते तोंडपाठ होतं. गोष्ट अशी. मिस्टर आणि मिसेस हॅलोवे या नवरा-बायकोच्या घरी दुपारच्या चहाला मिस्टर पेंबर्टन नावाचा गृहस्थ येतो. चहा होतो. आता हा जाईल, असं नवरा-बायकोला वाटतं. तो जात नाही. ‘आता निघा’ असं त्यांना म्हणता येत नाही, कारण ते इंग्रज. ‘मला आणखी एक कप हवा आहे, तो मिळाला की जातो’ असं त्यालाही म्हणता येत नाही, कारण तोही इंग्रजच. या एका कपावर तीन अंक.

आणि या तीन अंकांचा सगळा भार एका जागी होता. हॅलोवे विचारतो, "मिस्टर पेंबर्टन, आणखी चहा?" पेंबर्टन रीत म्हणून म्हणतो, "नको. आभारी आहे." हॅलोवे म्हणतो, "बरं," आणि किटलीवर लोकरीचं टोपडं घालतो. बस. तिथून पुढं पेंबर्टन दोन तास त्या टोपड्याकडं बघत बसतो.

मंडळात आजवर भूमिका ठरत त्या अशा: ज्याच्याकडं सूट त्याला नायक, ज्याला मिशी त्याला इन्स्पेक्टर, आणि ज्याच्या घरी सरावाला जागा मिळेल त्याला तो म्हणेल ते. सरांनी या वेळी फळ्यावर ‘ऑडिशन’ असं लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘सर्वांना खुली’. जागा नेहमीचीच, पेठेतल्या तालमीची माडी. खाली लाल मातीत पैलवान एकमेकांना आपटत असत आणि वर लंडनचा दिवाणखाना.

ऑडिशनच्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मिस्टर हॅलोवेसाठी दोघं आले. एक आदर्श, मंडळाच्या सेक्रेटरींचा पुतण्या, सूट घालूनच. दुसरा दादासो. कामावरून सरळ आला होता. कानामागं पेन्सिल तशीच होती.

"चौगले, खुर्च्या मागं घ्या जरा," सर म्हणाले.

दादासोनं खुर्च्या मागं घेतल्या आणि मग तिथंच उभा राहिला. "सर, बॅकस्टेजवाल्याला बी चालतंय न्हवं?"

"काय?"

"ते फळ्यावरचं."

खाली कुणीतरी चितपट झाल्याचा आवाज आला. सरांनी फळ्याकडं बघितलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. "चालतं की," ते म्हणाले.

मिसेस हॅलोवेच्या भूमिकेसाठी प्रीतीबाई ठरल्यासारख्याच होत्या, कारण मंडळात बाई अशा तेव्हा त्याच एक होत्या. त्या शाळेत शिकवायच्या. पेंबर्टनची वाक्यं म्हणायला कुणी नव्हतं, तेव्हा सर म्हणाले, "आण्णा, तुम्ही वाचा." लोकांसमोर खुर्चीत बसायचं, तेही अंधार नसताना. पण नाही म्हणायलाही धीर लागतो. ते जाऊन बसले.

आदर्शनं ठीक म्हटलं. सूटही ठीक होता. मग दादासो आला. त्यानं कोपऱ्यावरच्या टपरीतून किटली आणली होती आणि तीत खरा चहा होता. रिकामी किटली कशी धरायची हे त्याला सुचलं नव्हतं. एखादा साचा तपासावा तसं त्यानं किटली, कप, टोपडं सगळं टेबलावर सारखं केलं आणि आवाज दिला. तो आवाज फाउंड्रीतल्या भट्टीच्या वरून जायला शिकलेला होता.

"मिस्टर पेंबर्टन! आणखी चहा?"

खालचे पैलवान थांबले.

"नको," आण्णा म्हणाले. "आभारी आहे."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आण्णा जन्मभर पहिल्यांदा नकोच म्हणत आले होते. ऑफिसात, लग्नात, पाहुण्यांकडं, सगळीकडं. हवं असलं तर जास्तच. लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणत आणि मग आण्णा घेत. त्यामुळं हे ‘नको’ त्यांनी वाचलं नाही, ते आपसूक निघालं, आणि ते इतकं खरं निघालं की दादासो संहिता विसरला.

"घ्या की," तो म्हणाला.

"चौगले, ‘बरं’ म्हणायचंय."

"व्हय सर. चुकलं." पुन्हा पहिल्यापासून. आणखी चहा? नको, आभारी आहे. दादासोनं टोपडं उचललं. "बरं." सगळ्यांनी श्वास सोडला. "पर अर्धा तरी घ्या."

"चौगले!"

"सर, ते आण्णांचं तोंड बगा की. कामावरनं तसंच आल्यात."

तिसऱ्यांदा त्याच्या तोंडानं ‘बरं’ म्हटलं, पण हातानं चहा ओतला. आणि आण्णा? कप पुढं आल्यावर काय करायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी तो घेतला आणि पिऊन टाकला. तीन अंकांचं नाटक दीड मिनिटात संपलं. प्रीतीबाई पदर तोंडाला लावून खिडकीशी गेल्या. आदर्श सुटाला सुरकुत्या पडेपर्यंत हसला.

सर मात्र हसले नाहीत. "अहो चौगले, इंग्रज माणूस एकदाच विचारतो."

"आनि पावणा न्हाय म्हणाला तर?"

"तर नाही. विषय संपला."

दादासो खरंच विचारात पडला. "मग त्येंच्यात पावणं उपाशीच माघारी जात्यात?"

"जातात. म्हणून तर नाटक आहे."

"लई अवघड माणसं," दादासो म्हणाला, आणि टोपडं घडी घालून टेबलावर ठेवलं.

भूमिका आदर्शला जायची, हे उघड होतं. पण प्रीतीबाई म्हणाल्या, "सर, आदर्शचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडं जात नाही. ह्यांचा पार लक्ष्मीपुरीच्या बाजारात ऐकू जाईल." सरांनी विचार केला आणि आठ दिवस दिले. पुढच्या शनिवारी पुन्हा. तेव्हा एकच शब्द बघायचा, ‘बरं’.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादासो आण्णांच्या ऑफिसच्या दारात उभा. शिरोलीहून सायकलनं आला होता. "आण्णा, तुमचं नको लई खरं हाय. त्येच्यासमोर जमलं तर कुणासमोर बी जमंल."

आठ दिवस दोघं ऑफिसच्या मागच्या चहाच्या गाड्यावर बाकड्यावर बसले. दादासो विचारायचा, "आण्णा, चहा?" आण्णा म्हणायचे, "नको." दादासोच्या गळ्याची शीर फुगायची. तो लांब बघायचा, पुन्हा आण्णांकडं बघायचा, आणि म्हणायचा, "बरं." मग दोघं गप्प बसायचे. दहा मोजेपर्यंत. "न्हाय जमत बगा," असं म्हणून दादासो गाडीवाल्याला हाक मारायचा, "दोन दे रे! ईस मोजंपर्यंत ऱ्हावंल तवा खरा इंग्रज."

तेवढ्या आठ दिवसांत आण्णांना त्याच्याबद्दल जे कळायचं ते कळलं. आई आणि तिच्या भिंती त्यांना तिथंच कळल्या. "डोळ्यात पाणी उतरलंय तिच्या," दादासो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, औंदा ऑपरेशन करून घ्या. ती म्हणती, न्हाय. सांगली-मिरजंला जाणार न्हाय. म्हणून म्हटलं, दिसतंय तवर एकदा उभा ऱ्हावावं. मोठं काम नको. तिला घावलो म्हंजे झालं."

आण्णांना यावर काहीतरी चांगलं बोलायचं होतं. ते म्हणाले, "बघू."

सराव घरीही चालू होता. मधल्या रविवारी हुपरीहून दादासोचे व्याही आले. मुलगी रूपाली त्यांच्या घरी दिलेली. पैंजणं घडवणारं घर, माणसं मानाची. मटणाचं जेवण होतं. व्याह्यांनी पहिल्या वाढीनंतर रीतीप्रमाणं ताटावर हात धरला आणि म्हणाले, "बास." दादासो पातेलं घेऊन उभा होता. त्याची शीर फुगली. तो म्हणाला, "बरं," आणि पातेलं झाकलं.

व्याह्यांचा हात तसाच ताटावर राहिला. मग त्यांनी हात धुतला, टोपी घातली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेले. बायको चार दिवस बोलली नाही. बयाबाई मात्र सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "चांगलं पोरगं हुतं. नाटकापायी वाया गेलं." शेवटी दादासोला हुपरीला जाऊन माफी मागावी लागली. तिथं त्याला सात वेळा आग्रह करून वाढलं, आणि तो एकदाही नाही म्हणाला नाही.

"पर आण्णा," ही सगळी गोष्ट सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "जमलं."

शनिवारी माडीवर सगळे मुद्दाम आले. आण्णा खुर्चीत बसले. या वेळी काळजी स्वतःची नव्हती.

"मिस्टर पेंबर्टन, आणखी चहा?"

"नको. आभारी आहे."

दादासोनं आण्णांकडं बघितलं. त्या नजरेत आठ दिवसांचे सोळा कप होते, व्याह्यांचा ताटावरचा हात होता. एखाद्यानं स्वतःच्या बैलाला बाजारात सोडून यावं तसा त्याचा चेहरा झाला. "बरं," तो म्हणाला. आणि टोपडं किटलीवर असं घातलं, की आता ती किटली पुन्हा उघडणार नाही.

कुणी हसलं नाही. मग प्रीतीबाईंना हसू फुटलं, आणि मग सगळी माडी. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "त्या इंग्रजालासुद्धा असं वाईट वाटलं नसेल," ते म्हणाले. भूमिका दादासोला मिळाली. आदर्श पेंबर्टन झाला. सूट वाया गेला नाही. दोरीवर दुसरा माणूस ठेवला.

डिसेंबरात केशवराव भोसले नाट्यगृहात स्पर्धेचा प्रयोग झाला. आण्णा आपल्या स्टुलावर होते. पडदा गेला आणि दिवाणखान्यात ताठ उभा असलेला मिस्टर हॅलोवे दिसला. कोट सेक्रेटरींचा होता आणि बटणं लागत नव्हती, म्हणून एका हातानं तो धरून ठेवला होता. लोकांना ती इंग्रजी ऐट वाटली. दुसऱ्या रांगेत बयाबाई पुढं वाकून बसली होती.

ती जागा आली. आणखी चहा? नको, आभारी आहे. दादासोनं लांब बघितलं, पुन्हा पेंबर्टनकडं बघितलं. "बरं." टोपडं किटलीवर गेलं. लोक हसले. आणि हसू ओसरतंय तोवर दुसऱ्या रांगेतून आवाज आला. तो भट्टीवरून जाणारा आवाज दादासोला कुठून मिळाला, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"आरं दादू! एकदा इच्यारलंस आनि झाकून ठेवलंस? दे की त्येस्नी! बिचारं कवापास्नं बसलंय! असं शिकवलंय व्हय मी तुला?"

नाट्यगृहात हशा कोसळला. आदर्शनं मान छातीत घातली. त्याचे खांदे हलत होते. प्रीतीबाई खिडकीकडं वळल्या. खिडकी दादासोनंच केलेली होती, चांगली उघडली. दादासो मात्र टोपड्यावर हात ठेवून तसाच उभा. त्यानं चहा ओतला असता तर नाटक तिथंच संपलं असतं, आणि आईचं ऐकलं नाही असं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. हात किटलीच्या दांड्याकडं गेला. मग त्यानं विंगेकडं बघितलं.

आण्णांचं बोट पुढच्या ओळीवर होतं. ओळ तोंडपाठ होती. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना शब्द पुरवणाऱ्या माणसाची कुजबुज त्या हशात पोचणार नव्हती. तेव्हा त्यांनी एवढंच केलं. अंगठा वर केला, म्हणजे ‘चालू द्या.’

दादासोनं मान हलवली. टोपडं नीट केलं, कोट ओढून घेतला, पेंबर्टनकडं वळला आणि आईलाही ऐकू जाईल अशा बेतानं, अगदी हळू, पुन्हा एकदा म्हणाला, "बरं."

टाळ्या किती वेळ चालल्या ते आण्णांनी मोजलं नाही. नाटकाला तिसरा नंबर आला. परीक्षकांच्या शेऱ्यात होतं, ‘प्रेक्षकांत एक वृद्ध स्त्री पात्र बसवण्याची कल्पना उल्लेखनीय.’ सरांनी तो शेरा चौकटीत लावला आणि खुलासा केला नाही.

प्रयोगानंतर बाहेर बयाबाई पिशवी धरून उभी होती. दादासो तोंडाचा रंग तसाच ठेवून तिच्यासमोर गेला. आण्णा त्या दिवशी बस चुकवून मागं थांबले होते.

"दिसलो?"

"दिसलास," म्हातारी म्हणाली. "चांगला दिसलास. पर वाईट वागलास."

पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा फळ्यावर ‘ऑडिशन’ लिहिलं. दादासो आलाच नाही. सरळ दोरीपाशी जाऊन उभा राहिला. "आईनं बघितलं की," तो म्हणाला. नंतर बयाबाई गेली, सरांची बदली झाली, माणसं पांगली आणि दोन हजार तीनच्या सुमारास मंडळ कधी बंद पडलं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. आण्णा रिटायर झाले. दादासो वर्षा-दोन वर्षांतून कुठंतरी भेटायचा. भेटला की पहिलं विचारायचा, "आण्णा, चहा?" आण्णा नको म्हणायचे. तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणायचा, दंडाला धरून न्यायचा. ‘बरं’ त्यानं नाट्यगृहाबाहेर पुन्हा कधी म्हटलं नव्हतं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत आण्णा बहिणीकडं आजऱ्याला जायला म्हणून सीबीएस स्टँडवर उभे होते. दादासो चहाच्या गाड्यापाशी दिसला. केस पांढरे झाले होते, पेन्सिल कानामागं होती. हुपरीला चालला होता, नातवाच्या बारशाला. गाडी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा होता. त्यानंतर दीड महिन्यानं दादासो वारल्याचं आण्णांना प्रीतीबाईंकडून कळलं. पण त्या सकाळी त्याला नुसती घाई होती, आणि चेहऱ्यावर काहीतरी खोडी होती. आण्णांनी सकाळपासून काही घेतलं नव्हतं. चहाचा वास येत होता.

"आण्णा, चहा?"

"नको," आण्णा म्हणाले, आणि थांबले.

दादासोनं पाठ ताठ केली. अंगात नसलेला कोट एका हातानं ओढून धरला, लांब बघितलं, पुन्हा आण्णांकडं बघितलं आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाला, "बरं."